इंचाला छत्तीस

रेपो दर जाहीर होतो सकाळी दहाला.
राजय्या मादगुंडीच्या शेडमध्ये तेव्हा
अठरा माग चालू असतात.
टीव्हीवर ओठ हलतात, खालून पट्टी सरकते.
राजय्या हातानंच विचारतो : वर की खाली?
मी अंगठा आडवा धरतो.

मी साखर पेठेतल्या सूत-पेढीचा वसुलीवाला.
माझ्या वहीत त्याच्या नावावर एक्केचाळीस हजार,
आणि शेठनं सांगितलंय,
उधारी आता साठ नाही, तीसच दिवस.
हे खुणांनी कसं सांगायचं?

तो टॉवेल उचलून बल्बसमोर धरतो.
लग्न झालं तेव्हा इंचाला चव्वेचाळीस पिक घालायचा,
मग चाळीस,
आता छत्तीस.
लांबी तीच, काठ तोच, मोराचा शिक्का तोच,
नव्या पेठेत गिऱ्हाईक भाव बघतं आणि खूश होतं.
उजेड मात्र आरपार येतो.

मग खिशातली शंभराची नोट
त्याच बल्बसमोर.
कानाला तोंड लावून ओरडतो :
"ह्याचे पिक कोण काढतंय रे?"

परत चव्वेचाळीस घाल की, मी ओरडतो.
"घेणार कोण?
आणि लई घट्ट विणला तर पाणी पीत नाही टॉवेल.
सैल सोडला तर दोन धुण्यांत चाळण."
एवढं बोलून
तुटलेला धागा जोडायला जातो.

ओट्यावर त्याची आई, नरसव्वा, विड्या वळते.
तिला फक्त तेलुगू वाचता येतं.
नोटेवरची आपली ओळ शोधून वाचते, नूरु रुपायलु.
मी माझी वाचतो, शंभर रुपये.
दोघांचं बरोबर.
वाण्याला कुठलीच ओळ वाचायची नसते.
तिच्या चटणीत शेंगा कमी झाल्यात,
तिखट वाढलंय, डोळ्यात पाणी येतं,
जेवणारे म्हणतात, वा.

साडेदहाला वीज जाते.
अठरा माग एकदम गप्प,
आता ऐकू आलं असतं सगळं,
पण टीव्हीही गेलेला.
वही उघडून मी तारखेपाशी थांबतो.

ओट्यावरून फक्त मोजणं येतं,
पानावर कात्री, दोऱ्याचा वेढा, पुढचा आकडा.
संध्याकाळी कारखान्यात
तिच्या हजारात
नऊशे नव्याण्णव चालत नाहीत.