चतुःसीमा

विजयनगरला, कोर्टासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात
अकरा वर्षं मी टाइप करते आहे:
‘सदर मिळकतीचा प्रत्यक्ष ताबा अर्जदाराकडे आहे.’
गुंठ्यांचा ताबा, गोठ्याचा, सामाईक विहिरीचा,
एकदा तर बोळातल्या एका पायरीचा.
ता, बा. दोनच अक्षरं,
बोटांना बघावंही लागत नाही.

मग आमचाच कागद आला.
कोळेकर वकीलबाई म्हणाल्या, सुनेत्रा, दुसरीकडून करून घे हवं तर.
म्हटलं, पानाला पंधरा रुपये कशाला घालवू?

‘अज्ञान मुलगा श्रेणिक भरतेश मगदूम, वय वर्षे सात.’
अज्ञान म्हणजे अठराच्या आतला,
एवढंच.
आमच्या घरात काय चाललंय
हे सगळ्यांत आधी त्यालाच कळलं होतं.

भडंगाची पुडी मधे ठेवून बाईंनी समजावलं.
तात्पुरता ताबा निकालापर्यंतचा,
पाहुण्याला दिलेल्या टॉवेलासारखा.
प्रत्यक्ष ताबा म्हणजे पोरगं रात्री कुठं झोपतं,
ताप चढला की कुणाची झोप मोडते.
कायदेशीर म्हणजे शाळेच्या फॉर्मवर, ऑपरेशनच्या कागदावर
सही कुणाची.
ती दोघांची राहू शकते.
सहीला एक छप्पर लागत नाही.
संयुक्त म्हणजे काही दिवस इकडं, काही तिकडं,
दोन टूथब्रश, दोन चपला, एकच गृहपाठ.
दोघंही नालायक ठरले तर तिऱ्हाइताकडेही देतात.
आणि भेटीचा हक्क…
बाई थांबल्या. भडंगातली लसणाची पाकळी बाजूला सारली.
‘हा ज्याच्या वाट्याला येतो ना,
त्याला घड्याळ घ्यावं लागतं.’

ठरलं. ताबा माझा, सह्या दोघांच्या,
शनिवारी चारपासून रविवारी सहापर्यंत तो तिकडं.
देवघेव आयर्विन पुलावर, सांगलीवाडीच्या टोकाला.
भरतेशनं खरंच घड्याळ घेतलंय.
दहा मिनिटं आधी येऊन कठड्याला टेकलेला असतो,
नदीकडे पाठ करून.

रविवारी श्रेणिक जेवूनच येतो.
सासूबाई दिवस मावळायच्या आत ताट वाढतात.
मी ते सोडलं, लग्नाबरोबरच.
माझी आमटी तशीच राहते.
मी रागावत नाही.
रागावते.

एका रविवारी तो हसला आणि पुढचा दात नव्हता.
‘तिकडंच पडला.’
पहिला दात. माझ्या ताब्यात हलायला लागलेला,
आठवडाभर मीच बोट लावून बघत होते.
मी वकीलबाईंचा नंबर काढला. खरंच काढला.
मग आठवलं, हुकुमाच्या चार पानांत
दाताचा शब्द नाही.
पानं माझीच.

त्यानं कंपासपेटी उघडली.
खोडरबर, शार्पनरची सालं, त्यात तो,
तांदळाएवढा, मुळाशी थोडा लाल.
‘पप्पांनी मागितला. आजी म्हणाली कौलावर टाकू,
पण तिथं कौलं कुठायत, स्लॅब आहे.
मी नाही दिला. तुला पण नाही.
नुसता बघ.’
मी बघितला.
किती वेळ बघायचा ते विचारलं नाही.

आता तो दात दर शनिवारी पूल ओलांडतो,
रविवारी परत येतो.

सोमवारी बुधगावच्या वाटणीचा दावा होता.
‘येणेप्रमाणे चतुःसीमा,’ एवढं लिहिलं
आणि बोटं आपली आपण निघाली.
पूर्वेस: मम्मी, वखारभाग, दुसरा मजला, लिफ्ट बंद.
दक्षिणेस: शाळा.
पश्चिमेस: कृष्णा नदी, पलीकडे पप्पा.
उत्तरेस: मोजणी झालेली नाही.

सगळं खोडलं. पुन्हा पहिल्यापासून.
पक्षकार खांद्यावरून वाकून वाचत होता.
‘ताई, सामाईक विहीर राहिली.’
घालते, म्हटलं.