अधिक-उणे

सातपूरच्या एमआयडीसीत, रस्ता संपतो तिथे,
जिथे आधी द्राक्षांच्या पेट्या थंड व्हायच्या,
त्या शेडमध्ये आता प्लास्टिकचं हिरवं गवत.
पत्र्याला अजून सल्फरच्या पॅडचा वास आहे
आणि रविवारी, नऊ ते बारा,
त्रेचाळीस पोरांच्या मोज्यांचा.

मी टायमर. म्हणजे घड्याळ, वही, गोलांची पाटी
आणि हरवलेले डावे बूट, सगळं माझ्याकडे.
एकतीस वर्षं बेअरिंगच्या कारखान्यात तपासनीस होतो.
मायक्रोमीटर लावायचा, आकडा वाचायचा,
बसलं तर निळा ट्रे, नाही तर लाल.
संध्याकाळपर्यंत लाल ट्रे भरलेला असायचा
आणि मला त्याचा अभिमान होता, कशाला लपवू.

पहिल्या रविवारी त्याच नजरेनं बघितलं.
पीयूष बोरस्ते, गोलकीपर, वॉकर धरून उभा.
अल्फिया मणियार, शिट्टी ऐकू येत नाही, पाय मात्र विजेसारखे.
दिगंत गायधनी मैदानाच्या मधोमध
वर बघत ट्यूबलाइट मोजतोय.
आणि अंबडहून येणारी ती जुळी,
जी फुटबॉलपेक्षा एकमेकींशी जास्त खेळतात.
हात आपोआप डावीकडे गेला, लाल ट्रेकडे.
तिथे पाण्याचा जार होता.

शिट्टीचं काय करायचं, यावर तीन रविवार गेले.
दिवे लुकलुकवले, तर अल्फिया थांबली
पण दिगंत कान झाकून कोपऱ्यात बसला,
(कान का, हे त्यालाच माहीत.)
शेवटी हिचा पिवळा स्टोल आणला घरून.
स्टोल वर गेला की सगळे थांबतात.
ही विचारते, लग्नाला काय घालू?

नियम खैरनार मॅडमचे, पंचवटीतल्या शाळेच्या.
पाच गोलांनी पुढे गेलात
तर तुमचा एक खेळाडू समोरच्यांना द्यायचा,
आणि तोही रडका नाही, चांगला.
पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी म्हणालो, हा काय खेळ आहे?
मॅडम बुटाची नाडी बांधत म्हणाल्या,
बघा की.

मागच्या रविवारी चार-चार. चाळीस सेकंद उरलेले.
बॉल घरंगळत आला आणि दिगंतच्या पायाशी थांबला.
दिगंत अकराव्या ट्यूबवर होता.
मार, असं कुणी ओरडलं नाही.
अल्फिया कमरेवर हात ठेवून उभी,
जुळ्यांनी हात धरलेले,
पलीकडचा लांब पोरगा बॉल सहज घेऊ शकला असता,
त्यानं गुडघा खाजवला.
बारा. तेरा.
चौदावी बंद आहे, तिथे तो नेहमी अडतो.
मी घड्याळाकडे बघितलं,
मग मान वळवून पाण्याच्या जारकडे.

सतरा म्हणाला, आणि बुटाच्या टोकानं ढकलला.
बॉल इतका हळू गेला की
त्यावरची शिवण मोजता आली असती.
पीयूषनं वॉकर उचलला. का उचलला गेला?
एकतीस वर्षांचा अनुभव घेऊन मी दोन हातांवर उभा होतो
आणि मला सांगता येत नाही.

शेड दणाणलं. दिगंत पुन्हा एकपासून सुरू.
पीयूष मात्र लाल झाला, घशातून ओरडला,
"मी सोडला नाहीये! काका, लिहा वहीत,
मी सोडला नाहीये!"
रडला. कुणी पाठीवर हात ठेवला
तर झटकून टाकला. बरोबर केलं.

वहीत लिहिलं: पाच-चार.
शेरा: गोलकीपरनं प्रयत्न केला.
वेळेच्या रकान्यात, अधिक बारा सेकंद.
खाली सही.
असा आकडा पूर्वी माझ्या हातून सुटला नसता.

पावणेबाराला गेटपाशी आईच्या स्कूटरवर बसताना
वॉकर पुढे आडवा घेत पीयूष म्हणाला,
त्या दिगंतला सांगा,
पुढच्या रविवारी बघतोच.
मी सांगितलं.
दिगंत म्हणाला, चौदावी बदला.