तेजाब

ढोमणे मॅडम म्हणाल्या, तेजाब नाही, नायट्रिक आम्ल.
नायट्रेटचं आम्ल असलं की 'इक',
एक ऑक्सिजन कमी झाला की 'अस'.
ऑक्सिजनच नसला तर आधी हायड्रो.
आम्लारी सोपी: धातूचं नाव, मागून हायड्रॉक्साइड.

इतवारीत, सराफ्यामागच्या गल्लीत
बाबा सोनं शुद्ध करतात. बोटं पिवळी.
तपकिरी धूर पंख्याकडे जातो,
थोडा त्यांच्याकडे.
मी बाटलीवर चिठ्ठी डकवली: नायट्रिक.
ते हसले, खर्र्याची पुडी उलगडत.
"अन् यातला चुना?"
कॅल्शियम हायड्रॉक्साइड, बाबा.
"नाव तं मोठं हाये. चटका तेवढाच बसते."

रात्री जिना चढताना
तिसऱ्याच पायरीवर थांबतात.
मी खाली उभी, दप्तर घेऊन,
त्यांच्या श्वासातले ऑक्सिजन मोजत:
'इक' की 'अस'?