मगरीचा तास

बाकं सरकवताना एवढा आवाज झाला
की खालच्या मजल्यावरून जगदीशभाई शिपाई धावत आला,
"बेन, शुं पड्युं?"
काही नाही, म्हटलं. रांगा पडल्या.

आठवी ब. दांडिया बाजारातली मराठी शाळा,
घरी मराठी बोलणारी मुलं त्यात सात.
बाकीची गुजराती, दोघं-तिघं हिंदी,
आणि एक सविता राठवा,
जी कुठलीच भाषा वर्गात आणत नाही.

पाठ होता सजीव आणि त्यांचा अधिवास. पान एकेचाळीस.
बावीस वर्षं मी तो एकाच तासात संपवत आले,
व्याख्या, उदाहरणं, गाळलेल्या जागा भरा.
आज फळ्यावर एवढंच लिहिलं :
विश्वामित्रीची मगर समाच्या सोसायटीत शिरली.
चूक कुणाची?
आणि खडू खाली ठेवला.
रिकाम्या हातांचं काय करायचं, ते मात्र कळेना.

पहिली तीन मिनिटं कुणी बोललंच नाही.
गोलात बसल्यावर
पुढच्याच्या पाठीमागे लपता येत नाही.
सगळे माझ्या पर्सकडे बघत होते,
उत्तर तिच्यात असल्यासारखे.

मग तौसीफ म्हणाला, मगरीची.
हेतवी म्हणाली, पुराची.
पागेदारांचा ओजस म्हणाला, महापालिकेची.
त्याचे आजोबा रोज सकाळी पेपर वाचताना
हेच म्हणतात, गल्लीला पाठ आहे.

"पण नदी तिची होती ना आधी?"
"मग आम्ही काय पाण्याच्या टाकीवर राहायचं?"
"तुम्ही नदीच्या अंगणात घर घेतलंत."
"पप्पांनी लोन काढलंय त्याच्यावर!"
झील रडायच्या बेतात.

इथे मी तोंड उघडलं.
हे बघा मुलांनो, प्रत्येक गोष्टीला दोन बाजू...
वाक्य तयार होतं, जिभेवर होतं,
गरम बटाट्यासारखं गिळलं.
डोळ्यांत पाणी आलं. खरंच आलं.

तेवढ्यात तौसीफच तिला म्हणाला,
घर काय तू घेतलंस?
आणि थोड्या वेळाने, स्वतःशीच,
मगरीने तरी नदी कुठे निवडली.
"मग तिथे बांधा म्हणून सही कुणी केली?" हेतवी.
कुणालाच माहीत नव्हतं.
मलाही नव्हतं. तसं सांगितलं.
वर्ग एकदम माझ्याकडे वळला,
मी पहिल्यांदाच काहीतरी शिकवल्यासारखा.

ओजस पुन्हा : मगर पंधरा फूट होती, मी व्हिडिओ पाहिलाय.
सविता उठली.
बोलली नाही. मान हलवली फक्त.
माझा खडू उचलला, गोलाच्या मध्ये जाऊन बसली,
आणि फरशीवर विती मोजत निघाली.
एक, दोन, चार...
नऊ विती झाल्यावर थांबली.
मग शेपूट. पाठीवरचे दाते.
पाय चार, पोटाशी घेतलेले.

बसल्या जागी सगळ्यांनी पाय वर घेतले.
ओजसनेही.
मग झील म्हणाली,
"एवढीशी?"
आणि खाली उतरून तिने तिला डोळा काढला.

सविता कुठे राहते, मला ठाऊक नव्हतं.
हजेरीपटात लिहिलेलं होतं, जूनपासून,
माझ्याच अक्षरात :
पुलाखाली, नदीकाठ.

घंटा झाली तेव्हा
तिघं एकदम बोलत होते, एक भांडत होता,
दोघी सहीचं कुठे विचारायचं ते ठरवत होत्या.
निष्कर्ष निघाला नाही.
टाचणवहीत लिहिलं : पान एकेचाळीस, अपूर्ण.
मोठ्या बाई त्याखाली लाल रेघ मारतील.
मारू देत.

जगदीशभाईने बाकं ओढून सरळ केली,
मधली जागा तेवढी सोडली, का कुणास ठाऊक.
पुढचा तास गणिताचा.
शिर्के सर डस्टर घेऊन आले,
घाईत होते, दारात अडखळले,
खाली पाहिलं,
धोतर नसतानाही धोतर सावरावं तशी पॅन्ट वर धरली
आणि तिला ओलांडून
फळ्याकडे गेले.