रकाना सातवा

हजेरीपटावर एकशे बारा नावं.
त्यांतले एकोणतीस अंगठे,
आणि तीन सह्या एकाच हाताच्या,
शेवटच्या अक्षराची शेपटी तशीच लांब ओढलेली.

सभा झाडाखाली झाली, असं अहवाल म्हणतो.
सोडा आणि पाव मिळाला, असं लोक म्हणतात.
दोन्ही खरं.

मी किसुमूहून आलेय, चार पानी तक्ता घेऊन:
किती आले, त्यात बाया किती,
बोलले किती, किती मिनिटं.
सरोवराचा वारा पानं उलटत राहतो.
मी वर दगड ठेवते.

पेरेस न्यासुना मासा साफ करता करता सांगते,
सुरी थांबत नाही:
"मी उठले होते ना. म्हटलं, धक्का इथं नको.
एप्रिलात वारा फिरला की सगळी जलपर्णी
याच खाडीत येऊन बसते.
होड्या अडकतात, मासा उन्हात जातो.
तिकडं खडकापाशी बांधा."
मग?
"मुटिसो साहेबांनी माईक घेतला.
म्हणाले, नोंद घेतली."

नोंद आहे. इतिवृत्त, पान सहा:
'उपस्थित महिलांनी प्रकल्पाचे स्वागत केले.'

धक्का इथंच झाला.
नकाशाखालची तारीख सभेच्या नऊ आठवडे आधीची.
वरातीमागून घोडं,
आणि घोड्याचीही हजेरी लावलेली.

मी विचारते, पुन्हा सभा झाली तर जाशील?
ती हसत नाही, चिडतही नाही.
हात धुते, आणि मला धक्क्याच्या मागे नेते.

नव्या सिमेंटवर कोळशाच्या रेघा.
होडी लागली नाही त्या प्रत्येक दिवसाची एक.
खाली फुल्या, सडलेल्या टोपल्यांच्या.
वेगवेगळ्या हातांच्या रेघा, जाड, बारीक,
एक तर पोराच्या उंचीवरची.
दर गुरुवारी मोजतो, म्हणाली. सोडा नसतो.

रेघा मोजताना माझी दोनदा चूक झाली.
तिनं ती दोनदा सुधारली.

"तुझा हा कागद कुठं जातो?"
वर जातो, मी म्हटलं.
"वर म्हणजे?"
नोंद घेते, असं ओठांवर आलं होतं.
गिळलं.

रकाना सातवा:
लोकसहभाग परिणामकारक ठरला काय?
हो, नाही, अंशतः.
तीन चौकोन, तिन्ही माझ्या नखाएवढे.

खाडीत हिरवं काहीतरी हळूहळू आत सरकतंय.
पेरेस ते बघते
आणि एप्रनच्या खिशात कोळसा चाचपते.