हातचा एक

विम्याच्या नूतनीकरणाचं पाकीट आलं की मी लगेच फोडत नाही.
बुटांवरचा बर्फ झाडते,
कॉफी चढवते,
मग बसते बापाच्या टेबलाशी.
बाप जाऊन नऊ वर्षं झाली, डावा खण अजून अडकतो.

ओल्शेफ्स्की स्टँपिंग, ईरी, पेनसिल्व्हेनिया.
अकरा माणसं.
बोटांवर मोजता येतील इतकीच;
दहा बोटं संपली की एक उरतो,
तो हातचा धरायचा.

हप्त्याचं गणित बापानेच शिकवलेलं :
पगाराच्या दर शंभर डॉलरमागे अमुक इतके.
मी कागद सरकवते, म्हणून मी स्वस्त.
पत्रा दाबणारा महाग.
आणि जे काय उत्तर येईल त्याला शेवटी गुणायचं
आपल्याच मागच्या अपघातांनी.
एक पूर्णांक शून्य म्हणजे चारचौघांसारखे.
आमचं एक पूर्णांक एक्केचाळीस.

वरचे एक्केचाळीस म्हणजे डेल्बर्ट.
उजवा हात, तर्जनी आणि मधलं, दुसऱ्या पेरापासून.
साठ टनी प्रेस, ऑक्टोबरातला मंगळवार, बिजागऱ्यांची ऑर्डर.
गार्ड काढून ठेवलेला होता.
कोणी काढला ते चौकशीत ठरलं नाही.
शुक्रवारपर्यंत माल गेलाच पाहिजे, असं ओरडलं कोण होतं
ते चौकशीत कोणी विचारलं नाही.

तीन वर्षं धरतात ती बोटं.
हातावर नाहीत,
हिशेबात आहेत.

एजंट प्रिबल फोनवर म्हणाला,
लोरेन, आता आणखी एक दावा आला
तर कंपनी हात वर करेल.
मग राज्याच्या फंडाच्या दारात उभी राहा,
आणि तिथे घासाघीस चालत नाही.
किरकोळ लागलं कुणाला तर पट्टी लाव, खिशातून भाग,
कशाला वर कळवायचं—
हे अर्थात मी बोललो नाही.
हे अर्थात मी ऐकलं नाही.

वेळनोंदीच्या यंत्रापाशी फळा आहे :
अपघाताविना दिवस, ४१२.
पाचशे झाले की सगळ्यांना पिझ्झा.
कल्पना माझीच.

गुरुवारी कचऱ्याच्या पिंपात निळा कागदी टॉवेल दिसला,
गुंडाळी घट्ट, आतून तपकिरी.
जेवणाच्या सुट्टीत टंकमाया
डाव्या हातातला मोजा न काढता
उजव्या हाताने भात खात होती.
(भूतान सुटलं, अठरा वर्षं नेपाळातली छावणी,
मग ईरी, मग आमचा डीबरिंगचा बेंच.)
हात बघू, म्हटलं.
काही नाही झालं, म्हणाली.
मग फळ्याकडे बघितलं तिने,
मग डेल्बर्टकडे.

तळव्यावर चीर, अंगठ्याच्या मुळापासून आडवी,
सुपरग्लूने चिकटवलेली.
कडा सुजून लाल.
काम नीटनेटकं होतं. डेल्बर्टचं प्रत्येक काम नीटनेटकं असतं.
तो खाली बघून म्हणाला,
तू महिनाभर पाकिटाकडे कशी बघत होतीस, दिसत होतं सगळ्यांना.

पीच स्ट्रीटवरच्या दवाखान्यात
मी तिच्या शेजारी बसून फॉर्म भरला.
तारीख. वेळ. शरीराचा भाग.
मालकाला कधी कळलं, या रकान्यात
पेन थोडं थांबलं.
तिने विचारलं, माझी नोकरी?
मी म्हटलं, आहे.
किती दिवस, ते तिने विचारलं नाही, मला सांगता आलं नसतं.

परत आलो तेव्हा दुसरी पाळी लागली होती.
फळा पुसला.
शून्य लिहायला खडू सापडेना.
डेल्बर्टने आणून दिला,
अंगठा, अनामिका आणि करंगळीत धरून.

पाकीट आता उघडं पडलंय टेबलावर.
मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीने मांडते :
पगार भागिले शंभर, गुणिले दर, गुणिले आम्ही.
एका प्रेसचं बटण बदलायला हवं, दोन्ही हातांनी दाबायचं हवं,
म्हणजे हात दाबाखाली जाणारच नाही.
त्याची किंमत वेगळी लिहिली, खाली, तिरकी.
बेरीज जमत नाही.
पुन्हा करते.
हातचा एक येतो दर वेळी,
आणि दर वेळी
मिळवायला पुढे घर नसतं.