साठ वॉट

कागदाची गिरणी बंद पडली त्या वर्षी
पगारपत्रकांच्या खिडकीमागून मी उठले,
वय छप्पन्न,
आणि बावीस आठवड्यांत लाइफ कोच झाले.
प्रमाणपत्र टपालानं आलं. पाकिटावर लिहिलं होतं: दुमडू नये.
टपालवाल्यानं दुमडूनच पेटीत कोंबलं.
भिंतीवर टांगलंय, पण येणाऱ्याला
आधी ती घडीच दिसते.

शिकवलं होतं ते इतकंच:
सल्ला द्यायचा नाही.
प्रश्न विचारायचा आणि गप्प बसायचं.
गप्प बसणं डुलुथमध्ये कुणाला शिकवावं लागत नाही,
इथे लग्नंसुद्धा 'बरं मग, निघते' एवढ्यावर मोडतात.
पण हे गप्प बसणं निराळं.
पाहुण्यासाठी खुर्ची ओढून ठेवावी, तसं.

ड्वेन टोइवोनेन पहिला आला.
रस्त्यावरचा बर्फ ढकलणाऱ्या गाडीवर चौदा हिवाळे.
म्हणाला, मला काही बदलायचं नाही,
बायकोनं पैसे भरलेत.
विचारलं, एक ते दहा, किती बरं चाललंय?
चार, म्हणाला.
तीन का नाही?
तो खिडकीबाहेर बघत राहिला.
लोहखनिजानं भरलेलं जहाज
उचललेल्या पुलाखालून पुरतं निघून गेलं, तोवर.
मग म्हणाला, पहाटे चारला रस्ता साफ केला
की मागच्या आरशात तो काळा कुळकुळीत दिसतो.
त्यावरून अजून कुणी गेलेलं नसतं.

त्या दिवशी वाटलं, जमतंय मला.

म्हणून मंगळवारी सातची वेळ स्वतःला दिली.
स्वयंपाकघरात दोन खुर्च्या. आधी या खुर्चीत, मग त्या.
मार्लिस, एक ते दहा?
सात.
तीस वर्षं पगारपत्रकं तपासली आहेत मी,
फुगवलेला आकडा वासावरून कळतो.
कॉफी गार झाली म्हणून मी उठले.

पुढच्या मंगळवारी आलेच नाही.
झोपायच्या खोलीपासून टेबलापर्यंत अकरा पावलं,
तरी नाही.
नियम सगळ्यांना सारखा: न कळवता गैरहजर, चाळीस डॉलर.
काकडीच्या रिकाम्या बरणीत टाकले.
चार मंगळवारांचे एकशे साठ झाले
तेव्हा, खरं सांगायचं तर, पैशाच्या जिवावर येऊन बसले.

काय टाळतेयस?

तळघरातला बल्ब जाऊन तीन वर्षं झाली.
खाली फ्रीझर आहे. त्यात लोवेलनं पकडलेले मासे,
त्याच्या शेवटच्या उन्हाळ्यातले,
पांढऱ्या कागदात, वर त्याच्या अक्षरात तारीख आणि वजन.
वजन नेहमीचंच, थोडं वाढवून.
मी अंधारात हात घालून मटार काढते.
बोटांना तो कागद लागतो.
बोटं वाट बदलतात.

गुरुवारपर्यंत करता येईल असं सगळ्यात लहान काय?
मासे टाकणं मोठं.
शिजवणं त्याहून मोठं.
समोरची खुर्ची गप्प. मीही.
बल्ब, म्हटलं शेवटी.

साठ वॉटचा, दोन डॉलर एकोणीस सेंट, बरणीतले.
शिडीवर चढताना गुडघा कुरकुरला.
उजेड पडला तेव्हा मासे नाही दिसले आधी.
दिसले रंगाचे डबे, कोळिष्टकं,
आणि त्याचे बूट, जोडीनं, जिन्याकडे तोंड करून.
फ्रीझर कोपऱ्यात गुरगुरत होता.
झाकण उघडलं नाही.
ठरलं होतं तेवढंच केलं.

बल्ब विझवला नाही मात्र.
आता रात्री पाण्याला उठलं की
फळ्यांच्या फटींतून उजेड वर येतो,
त्या दुसऱ्या खुर्चीच्या पायांशी.

परवा निघताना ड्वेननं टोपी घातली, पुन्हा काढली.
आणि तुम्ही, किती?
चार, म्हटलं.
तो घसा खाकरून थांबला.
तीन का नाही?

त्या दिवशी जहाज नव्हतं.
सरोवर काठापासून गोठलेलं, पुढे धुकं.
मी तेच बघत राहिले,
आणि त्यानं घाई केली नाही.